शाळेच्या व्हरांड्यातली रास

मी आजवर लिहिलेल्या पत्रकांपैकी सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं पत्रक कोणतं, असं कोणी विचारलं की मी विषय बदलते. त्याचा मथळा होता: "संडासात पाणी नाही, हातात टॅब!" उद्गारचिन्ह एकच होतं, पण छापणाऱ्याने ते एवढं मोठं केलं की लांबून काठी टेकवून ठेवल्यासारखं दिसायचं.

त्यातलं एकही वाक्य मी आज मागे घेणार नाही. आर्णीहून आमच्या गावाकडे फाटा फुटतो, त्या रस्त्यावरच जिल्हा परिषदेची शाळा आहे. पहिली ते पाचवी, दोन खोल्या, एक व्हरांडा, दोन शिक्षक. मी तिथेच शिकले. शाळेला संडास बांधून झाला, निळ्या टाइल्स लागल्या, समोर उभं राहून फोटो निघाले. नळ मात्र आला नाही. मुली घरी पळतात, आणि घर लांब असेल तर परत येत नाहीत. त्याच शाळेत एका संस्थेने आठ टॅब आणि कार्डांचा एक डबा आणून दिला. डब्यावर 'ऑगमेंटेड रिअॅलिटी' असं छापलेलं होतं. कार्ड जमिनीवर ठेवायचं, टॅबचा कॅमेरा त्यावर धरायचा, की पडद्यावर त्या कार्डावर घन उभा राहतो, नाहीतर शंकू, नाहीतर डब्यासारखी वृत्तचिती. टॅबसकट आपण भोवती फिरलो की त्याची मागची बाजूही दिसते. टॅब बाजूला केला की खाली नुसतं कार्ड. गावाने त्याचं नाव 'भुताचा टॅब' ठेवलं.

माझं डोकं सटकलं. नसलेली वस्तू दाखवायला यांच्याकडे पैसा आहे आणि असलेल्या संडासात पाणी आणायला नाही! हे वाक्य मी पत्रकात जसंच्या तसं टाकलं. आमचा दहा-बारा पोरापोरींचा गट आहे. शाळा, वसतिगृह, शिष्यवृत्ती अशा प्रश्नांवर आम्ही पत्रकं काढतो, निवेदनं देतो, यवतमाळला जाऊन साहेबांच्या दाराबाहेर बसतो. आठवडी बाजारात मी स्वतः उभी राहून ते पत्रक वाटलं. लोकांनी घेतलं, घडी केली, काहींनी त्यात भजी बांधून घेतली. नेहमीचंच.

नेहमीचं नव्हतं ते पुढचं. आर्णीतल्या एका कॉन्व्हेंटची पिवळी व्हॅन आमच्या गावात येते. तिच्या ड्रायव्हरने माझ्या पत्रकाचा फोटो गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं: "जि. प. शाळेचे हाल वाचा. त्यांच्याच शाळेत शिकलेली पोरगी लिहून राह्यली." आणि पुढे हात जोडल्याची तीन चित्रं.

चौथ्या दिवशी बाईंचा फोन आला. बाई म्हणजे शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांनी मला पहिलीत पाटी धरायला शिकवलं, आता निवृत्तीला दोन वर्षं उरलीत.

"पत्रक वाचलं तुह्यं," त्या म्हणाल्या. "बाजारभर वाटलं म्हणे. शाळेत एक नाही आणून दिलं."

"बाई, ते शाळेच्या विरोधात नव्हतं. व्यवस्थेच्या..."

"व्यवस्थेनं दाखल्याचा अर्ज नाही देल्ला माह्याजवळ. गावच्या एका बापानं देल्ला. दोन पोरींचा. उद्या ये."

मी गेले. बाईंनी मला व्हरांड्यात बसवून हिशेब समजावला. मुलांचा पट एका ठरलेल्या आकड्याच्या खाली गेला की शाळेतलं दुसऱ्या शिक्षकाचं पद जातं. आमची शाळा नेमकी त्या आकड्यावर उभी होती, एकही मूल वर नाही. त्या दोन बहिणी, थोरली चौथीत आणि धाकटी पहिलीत, कॉन्व्हेंटला गेल्या की यवतमाळहून मोटरसायकलवर येणारे तरुण सर दुसरीकडे जाणार. मग पाच वर्ग आणि एकट्या बाई.

"म्हणजे माझ्यामुळे..."

"अर्ज त्यानं लिहिला, मजकूर तुहा," बाई म्हणाल्या. "टॅब चालवता येते का तुले?"

"बाई, मी त्याच्या विरोधात आहे."

"अस ना विरोधात. चालवता येते का?"

टॅब आले तेव्हापासून त्यांचा वर्ग सरच घ्यायचे. पण सरांना नेमकं त्या आठवड्यात नेरला प्रशिक्षणाला बोलावलं होतं, आणि त्याच आठवड्यात बाईंनी पालकसभा ठेवली होती. त्या बापाने स्वतःच्या डोळ्यांनी एकदा पाहावं, मग काय ते ठरवावं, एवढीच त्यांची मागणी. टॅबला हात लावायला बाई घाबरत होत्या. एकदा त्यांच्या हातून भाषा बदलून तमिळ झाली होती आणि दोन दिवस कोणालाच मराठी परत आणता आली नव्हती.

असा टॅबविरोधी पत्रकाच्या लेखिकेने टॅबचा वर्ग चालवायला घेतला. आमच्या गटात मी हे कोणाला सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी काहीच उभं राहिलं नाही. कार्डावर टॅब धरला की पडद्यावर नुसतं कार्ड. मी मनातल्या मनात पुढच्या पत्रकाचा मथळासुद्धा लिहून टाकला. मग त्या चौथीतल्या थोरलीने, जिच्या दाखल्याचा अर्ज होता तिनेच, मला बाजूला सारलं.

"ताई, बाईनं कार्डाले कव्हर घातलं ना. चमकते थे. सर काढून घेत."

बाईंची सवयच ती. वर्गात येणारी प्रत्येक वस्तू, पुस्तक असो की नकाशा, त्या आधी प्लास्टिकमध्ये गुंडाळतात. आठ कार्डांची कव्हरं काढली आणि आठ घन टुणकन उभे राहिले. लहान पोरं पडद्याच्या मागे हात घालून घन पकडायला बघत होती. टॅबमधून एका बाईचा आवाज यायचा, अगदी शुद्ध, रेडिओवरच्यासारखा: "आता तुमच्यासमोर शंकू आहे. त्याचे काळजीपूर्वक निरीक्षण करा." दुपारपर्यंत सगळी शाळा त्या आवाजात बोलायला लागली. एक पोट्टा डबा उघडून म्हणाला, "आता तुमच्यासमोर भेंडीची भाजी आहे. तिचे काळजीपूर्वक निरीक्षण करा."

मला मान्य करणं जड जातं, पण त्या चार दिवसांत मी घनाच्या बाजू पहिल्यांदा नीट मोजल्या. माझ्या वेळी बाईंनी फळ्यावर घन काढला होता. फळा सपाट, त्यामुळे मागच्या तीन बाजू आम्ही बाईंवर विश्वास ठेवून पाठ केल्या होत्या. इथे थोरली टॅब घेऊन घनाभोवती फिरायची, खाली वाकायची, वरून बघायची आणि ओरडून सांगायची, "खालून बी हाय, ताई!" तिला सगळ्यात जास्त आवडायचा तो शंकू आणि डब्याचा खेळ. पडद्यावर एक शंकू आणि तेवढ्याच तोंडाचा, तेवढ्याच उंचीचा एक डबा. शंकू पाण्याने भरून डब्यात ओतायचा. तीनदा ओतला की डबा काठोकाठ. चौथ्यांदा ओतला की तो रेडिओवाला आवाज "अरेरे" म्हणायचा. त्या "अरेरे"साठी पोरं मुद्दाम चौथ्यांदा ओतत.

सभेच्या दिवशी दुपारी वीसेक पालक आले, बहुतेक बायाच. माझी आईही आली होती. ती पालक नाही, पण मी टॅब चालवणार हे गावात सगळ्यांना कळलं होतं आणि ते दृश्य तिला चुकवायचं नव्हतं. "माय, इच्या पत्रकात तं टॅबले शिव्या होत्या," असं ती शेजारणीला सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या हळू आवाजात सांगत होती.

दोन्ही पोरींचा बाप खांबाला टेकून उभा होता. अंगावर वावरातून तसाच आल्याची धूळ. घरची दहा-बारा एकर तूर-कापूस, माणूस कष्टाळू, बोलायला तुसडा. हात छातीवर बांधलेले.

मी व्हरांड्याच्या मधोमध कार्ड ठेवलं आणि शंकूचा आकार वाढवत नेला. पडद्यावर तो गुडघ्याएवढा झाला, मग कमरेएवढा. रंग पिवळा. सात टॅब सात बायांच्या हातात, आठवा थोरलीच्या. प्रत्येक टॅबभोवती तीन-चार डोकी. मी भाषणाला सुरुवात करणार तेवढ्यात आई पुढे आली, टॅबमध्ये पाहिलं, थबकली, दोन पावलं मागे गेली आणि चपला काढून व्हरांड्याच्या कडेला ठेवल्या.

"आई, काय करतेस?"

"रास हाय ना व ते," आई म्हणाली. "राशीपाशी कोणी चपला घालून जाते का?"

"अगं, काहीच नाही तिथे! खाली कार्ड आहे!"

"मले बी दिसते कार्ड. अन् रास बी दिसते."

माझ्या आईने आयुष्यभर लोकांच्या खळ्यावर कापणी-मळणीची मजुरी केली. आमच्या घरात बुद्धवंदनेशिवाय दुसरी पूजा नाही, अंगारा-धुपारा तर माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली त्या दिवसापासून बंद. पण धान्याच्या राशीजवळ चपला नाही, हा नियम तिने कधीच सोडला नाही. तिचं म्हणणं, तो देवाचा नियम नाहीच, पोटाचा आहे. मी काही बोलायच्या आत दुसऱ्या बाईने चपला काढल्या, मग तिसरीने. पाहता पाहता कडेला चपलांची रांग लागली आणि नसलेल्या राशीभोवती वीस बाया अनवाणी फिरायला लागल्या. मधून कोणी चालेना. एका म्हातारीने टॅब हातात नसतानाही त्या जागेला वळसा घातला.

पोरींचा बाप खांबाजवळून हलला. त्याने थोरलीच्या हातातला टॅब घेतला, पाहिलं, आणि बूट काढता काढता थांबला. आपण काय करून राह्यलो, हे बहुधा त्याला उमगलं.

"फोटोच हाय ना हा," तो म्हणाला.

"फोटो नाही, बाबा. खालून बी हाय," थोरली म्हणाली, आणि त्याला शंकू-डब्याचा खेळ दाखवला. तीनदा ओतलं. काठोकाठ. त्याने चौथ्यांदा ओतून पाहिलंच. "अरेरे."

बाया हसल्या. तो नाही हसला.

"असं करा," तो बाईंकडे वळला. "माह्या खळ्यावर तुरीची रास पडली हाय. अजून पोते भरले नाही. म्या डोळ्यानं पाहून सांगतो, बारा पोते. तुमचे पोट्टे मोजून सांगतीन का? हातानं नाही उपसाची. मोबाइलातली रास कोणीबी भरते."

"अन् बरोबर सांगतलं तं?" बाईंनी विचारलं.

"तं अर्ज वापस."

"अन् चुकले तं?"

"चुकले तं मले शनिवारीच दाखले पाहिजे. दोन पोत्याचा फरक नाही चालणार मले."

मी बाईंचा पदर ओढत होते. हे मान्य करू नका, हा जुगार आहे, शिक्षण हा मुलांचा हक्क आहे, असं माझ्या तोंडात सगळं एकदम आलं. बाईंनी माझा हात बाजूला केला आणि म्हणाल्या, "सकाळची शाळा हाय शनिवारची. आठ वाजता येतो."

शनिवारी आम्ही निघालो: चौथी-पाचवीचे नऊ जण, बाई, मी, एक टॅब, एक कार्ड, सुतळीचा गुंडा, फुटपट्टी आणि पुठ्ठ्याचा एक घन. हा घन थोरलीनेच बनवला होता, लांबी, रुंदी, उंची सगळं एक फूट, वरून उघडा. खळ्यावर आई आणि आमच्या वस्तीतल्या चार बाया पोती भरायला आलेल्याच होत्या. आईने मला पाहिलं आणि म्हणाली, "चपला तिकडे काढ, पुढारीबाई."

पोरांनी जे केलं ते मी सोपं करून सांगते, कारण त्यांनीही मला तसंच सांगितलं. आधी राशीचा घेर सुतळीने घेतला. तेवढंच वर्तुळ शेजारच्या मोकळ्या सारवलेल्या जागेवर मांडलं आणि आत एकेका फुटाचे चौकोन आखले. काठावरचा तुकडा अर्ध्याहून मोठा असला तर धरायचा, लहान असला तर सोडायचा. बहात्तर चौकोन भरले. मग उंची. राशीच्या पोटात फुटपट्टी जात नाही, म्हणून कार्ड राशीशेजारी ठेवलं आणि टॅबमधला शंकू वाढवत वाढवत खऱ्या राशीवर अगदी टोपडं घातल्यासारखा बसवला. उन्हात पडदा दिसेना. दोन पोरांनी ताडपत्री डोक्यावर धरली, तिच्याखाली थोरली आणि मी. पडद्यावर आकडा आला, उंची अडीच फूट.

"खोटं हाय," बाप म्हणाला. त्याने एक सरळ तुऱ्हाटी, म्हणजे तुरीची वाळकी काडी, शोधली, तिचं बारीक टोक राशीच्या शेंड्यातून खाली जमिनीला टेकेपर्यंत खुपसलं, चिमटीत खूण धरून बाहेर काढली आणि स्वतः फुटपट्टी लावली. दोनदा लावली. मग तुऱ्हाटी फेकून दिली.

बहात्तर चौकोन, उंची अडीच. एवढा डबा असता तर त्यात पुठ्ठ्याचे एकशे ऐंशी घन मावले असते. रास शंकूची, म्हणून तिसरा हिस्सा: साठ. इथवर पाचवीतल्या एका पोराने बाईंच्या मदतीने पाटीवर केलं. आता एका घनात किती पायल्या तूर मावते, ते हवं होतं. थोरली खाली बसली आणि पायलीने मापून तूर घनात टाकायला लागली, ओठांतल्या ओठांत मोजत. घन भरला. ती म्हणाली, "पाच."

साठ पंचे तीनशे पायल्या. तीस पायल्यांचं एक पोतं.

"दहा पोते," पोरं एका सुरात म्हणाली.

"बारा," बाप म्हणाला.

मग बायांनी पोती भरायला घेतली. मी असं संथ, असं भयंकर काम दुसरं पाहिलेलं नाही. सहा झाली. आठ झाली. दहावं पोतं भरलं तेव्हा रास अजून चांगली ढोपराएवढी होती. पोरं राशीकडे पाहीनात, बाईंकडेच पाहायला लागली. बाई आभाळाकडे. बारावं पोतं बरोबर तोंडाशी आलं आणि खळं रिकामं झालं. केरसुणीने गोळा केलेली पसाभर तूर तेवढी उरली.

"बारा," बाप म्हणाला. "शनिवारीच म्हटलं होतं ना, द्या दाखले लिहून."

बाईंनी पिशवीतून पेन काढलं. बोलायचं मलाच होतं, तर मला सुचत काय होतं? हा टॅबचा घोटाळा आहे, मी आधीच लिहिलं होतं, एवढंच. स्वतःचं बरोबर निघावं म्हणून शाळा बुडाली तरी चालेल, असं क्षणभर माझ्या मनात येऊन गेलं. हे मी कुठल्याही पत्रकात लिहिलेलं नाही.

थोरली रडत नव्हती. ती उठली, बारावं पोतं अजून शिवलेलं नव्हतं त्याच्या तोंडाशी गेली आणि पुठ्ठ्याचा घन पुन्हा भरायला लागली. या वेळी मोठ्याने, बापाला ऐकू जाईल असं.

"लाभ... एक... दोन... तीन... चार... पाच."

माझ्या आईच्या हातातली सुतळी थांबली.

"थांब व पोरी," ती म्हणाली. "लाभ म्हणून जे माप टाकलं, थे कुठं गेलं?"

"थे लाभाचं," थोरली म्हणाली. "थे नाही मोजत. आजी म्हणे खळ्यावर पहिल्या मापाले एक नाही म्हणत, लाभ म्हणते."

"एक म्हणत नाही, पण एक असते ना! लाभ, मंग दोन! तुह्या आजीनं पुढचं सांगतलंच नाही का तुले?"

वर्गात पोरगी रोज एकपासूनच मोजायची. पण हे बापाचं खळं, समोर रास, म्हणून तिने घरची रीत पाळली, आणि तीही अर्धीच. तिने घन उलटा केला, पुन्हा भरला. लाभ, दोन, तीन, चार, पाच, सहा. मग कोणी सांगायची वाट न पाहता धुळीत बोटाने लिहिलं: साठ सक तीनशे साठ. भागिले तीस. बोट थांबलं तिथे बारा होतं.

तिने वर पाहिलं. बाई म्हणाल्या, "पोट्टी शाळेत नाही चुकली. तुमच्या घरचं चुकलं." हे त्या हसून म्हणाल्या आणि पेन पिशवीत परत टाकलं.

बापाने धुळीतला आकडा वाकून पाहिला. नुसता म्हणाला, "चाला, ऊन झालं," आणि बायांना पोती शिवायला लावली. त्याने हो म्हटलं की नाही, ते वाटेभर आम्हाला कळलं नाही. पोरं रेडिओच्या आवाजात एकमेकांना सांगत होती, "आता तुमच्यासमोर बारा पोती आहेत." मी बाईंना विचारलं, तो परत येईल का अर्ज घ्यायला. बाई म्हणाल्या, "गर्विष्ठ माणूस हाय. म्हणून आशा हाय." मला तेव्हा ते समजलं नाही.

सोमवारी मधल्या सुट्टीत तो आला. नेरहून परतलेले सर व्हरांड्यात होते, मीही होते. कारण नसताना आता मी रोजच जात होते. त्याच्या हातात पत्र्याचा एक डबा होता आणि डब्याच्या तोंडाएवढाच, डब्याएवढाच उंच, वर्तमानपत्राचा चिकटवलेला एक शंकू.

"म्या घरी करून पाह्यलं," तो म्हणाला. "रेतीनं. तीनच भरते. चार वेळा पाह्यलं, तीनच."

"हो, तीनच," बाई म्हणाल्या.

"पण तीनच काहून? अडीच काहून नाही? शेंड्याकडे निमुळता हाय, म्हणून कमी भरते, इतकं समजते मले. पण बरोबर तीन काहून?"

बाईंनी सरांकडे पाहिलं. सरांनी कपाटातून आठवीचं की नववीचं पुस्तक काढलं, पानं उलटली, बोट ठेवलं. सूत्र होतं. तीनने भागायचं लिहिलेलं होतं. का, ते नव्हतं. सरांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी पदवीधर, आणि गावाला वाटतं पत्रकवाल्यांना सगळं माहीत असतं. मला माहीत नव्हतं. मी ते पहिल्यांदाच तोंडाने म्हटलं, "मला नाही माहीत," आणि आईने ते ऐकलं नाही याचं मला बरं वाटलं.

"म्हंजे," तो एकेकाचं तोंड पाहत म्हणाला, "साऱ्या शाळेत कोणालेच माहीत नाही."

आता संपलं, असं मला वाटलं. बाईंचा चेहरा पडला.

"कॉन्व्हेंटात गेलतो काल," तो म्हणाला. "तिथं बी विचारलं. थे म्हणे फॉर्म भरा, मंग सांगू." तो खाली बसला, डबा पायाशी ठेवला. "अर्ज द्या माहा."

"कोणता अर्ज?" बाईंनी विचारलं.

"दाखल्याचा. म्या देल्ला होता ना तुमच्या हातात."

"असा काही अर्ज आवक रजिस्टरात नाही चढला बाप्पा," बाई अगदी गंभीरपणे म्हणाल्या. "सर, पाहा बरं." सरांनी रजिस्टर उघडून पाहण्याचं नाटक केलं. तो बाईंकडे बघतच राहिला, आणि मग पहिल्यांदा हसला, नाकातून, एकदाच.

थोरली दारात उभी होती, धाकटीचा हात धरून. त्याने कागदाचा शंकू तिच्या हातात दिला.

"शोधून काढ काहून थे. जवर सापडत नाही तवर इथंच राहा दोघीबी." तो उठला, डबा काखेत मारला आणि पायरीवरून वळून सरांना म्हणाला, "सापडलं तं आधी मले सांगजा. बाईले मागून."